महिलांच्या कबड्डी सरावात पारलिंगी खेळाडू: जागतिक रग्बीच्या निर्णयातून आपण काय घ्यावे?

प्रश्न: कबड्डी प्रशिक्षिका, सातारा जिल्हा

नमस्कार. तालुक्याच्या गावी मी गेली 11 वर्षे मुलींना आणि महिलांना कबड्डी शिकवते. सध्या संध्याकाळच्या सरावाला 18 ते 30 या वयाच्या 19 जणी येतात. गेल्या महिन्यात 24 वर्षांची एक पारलिंगी (ट्रान्सजेंडर) स्त्री मला येऊन भेटली. महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षापर्यंत ती मुलांच्या संघात उजवा कोपरा सांभाळत असे. पुढे तो संघ सुटला, घरही सुटले, आणि गेले दीड वर्ष ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली संप्रेरकांचे उपचार घेत आहे. "ताई, मला पुन्हा मैदानात उतरायचे आहे, पण मुलांबरोबर नाही," एवढेच ती म्हणाली.

मी तिला सरावाला येऊन बसायला सांगितले आणि आमच्या मुलींशी बोलले. बहुतेकींची काही हरकत नव्हती. दोन घरांतून मात्र विरोध झाला, आणि त्यातला काही भाग मला ऐकवला नाही. परंतु गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया होऊन नुकतीच परतलेली आमची एक चढाईपटू कोणताही आकस न ठेवता मला म्हणाली, "ताई, तिने माझी मांडी पकड घेतली तर माझ्या गुडघ्याचे काय होईल, हे तुम्ही मला सांगू शकता का?" मला सांगता आले नाही, म्हणून येथे विचारत आहे.

जागतिक रग्बी संघटनेने ऑक्टोबर 2020 मध्ये पारलिंगी स्त्रियांनी आंतरराष्ट्रीय पातळीवरील महिला रग्बी खेळू नये, असे ठरवले आणि असे करणारी ती पहिली आंतरराष्ट्रीय क्रीडा संघटना ठरली, एवढे मी वाचले आहे. त्या निर्णयाचा आधार काय होता, तो कबड्डीला कितपत लागू पडतो, आणि सराव व स्पर्धा यांना वेगळा न्याय लावणे योग्य आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. ती स्त्री आहे की नाही, हा वाद मला येथे नको आहे. मी तिला "ती"च म्हणते आणि आपणही तसेच म्हणावे, ही विनंती.

उत्तर 1: क्रीडा भौतिकोपचारतज्ज्ञ, पुणे

ताई, आपल्या चढाईपटूने विचारलेला प्रश्न हाच या वादाचा गाभा आहे, आणि गेल्या काही वर्षांतील बऱ्याच चर्चेत तोच बाजूला पडतो. पोहणे किंवा धावणे यांत प्रश्न मुख्यतः न्याय्य स्पर्धेचा असतो, म्हणजे पदक कोणाच्या हातून जाते याचा. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात त्याच्याआधी दुसरा प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे समोरच्या खेळाडूच्या शरीरावर किती बळ येते याचा. जागतिक रग्बीने आपला निर्णय प्रामुख्याने या दुसऱ्या प्रश्नावर उभा केला.

त्याआधी रग्बीतही टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची पातळी किमान 12 महिने कमी राखली असेल तर महिला गटात खेळता येत असे. फेब्रुवारी 2020 मध्ये लंडनला झालेल्या बैठकीत ही अट पुन्हा तपासली गेली. पुरुष म्हणून वयात आलेली शरीरे स्त्री-शरीरांपेक्षा सरासरीने 25 ते 50 टक्के अधिक ताकदवान, सुमारे 40 टक्के अधिक वजनदार आणि सुमारे 15 टक्के अधिक वेगवान असतात, हे आकडे तेथे मांडले गेले. रग्बीतील दुखापतींचा मोठा वाटा टॅकलमधून, म्हणजे समोरच्या खेळाडूला धरून खाली पाडण्यातून येतो. टॅकलमध्ये वजन आणि वेग एकत्र येतात, म्हणून दोन्हींतील फरक एकमेकांना वाढवतात.

यावर साहजिक प्रश्न असा, की उपचारांनी हा फरक मिटत नाही का? काही गोष्टी लवकर बदलतात. रक्तातील हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत स्त्रियांच्या पातळीवर येते. स्नायूंचे तसे नाही. एमा हिल्टन आणि टॉमी लुंडबर्ग यांनी 2021 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा वर्षभराच्या उपचारांनंतर स्नायूंचे वस्तुमान आणि ताकद यांत सुमारे 5 टक्केच घट दिसली. उंची, खांद्यांची रुंदी आणि हाडांची लांबी तर वयात येतानाच ठरून गेलेली असते. अमेरिकी हवाई दलातील नोंदींवरच्या एका अभ्यासात दोन वर्षांच्या उपचारांनंतर जोर आणि झोपलेल्या स्थितीतून उठून बसणे (सिट-अप) यांतील फरक नाहीसा झाला होता, पण धावण्याच्या वेगात सुमारे 12 टक्क्यांची आघाडी शिल्लक होती.

आता याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हिल्टन-लुंडबर्ग यांनी पाहिलेले बहुतेक अभ्यास खेळाडू नसलेल्या व्यक्तींचे आहेत, आणि रग्बीने मांडलेले आकडे मुख्यतः सर्वसाधारण पुरुष आणि सर्वसाधारण स्त्रिया यांच्या तुलनेतून आले आहेत. पारलिंगी रग्बीपटूंना प्रत्यक्ष मोजून ते काढलेले नाहीत. हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला होता आणि तो मला योग्य वाटतो. खेळाडूंना प्रत्यक्ष मोजणारा एक अभ्यास आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या निधीतून झाला आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 75 जण होते, त्यांपैकी 23 पारलिंगी स्त्रिया. त्यांची उडी आणि प्राणवायू वापरण्याची क्षमता शरीराच्या वजनाच्या प्रमाणात इतर स्त्रियांपेक्षा कमी भरली. हाताच्या पकडीची ताकद मात्र अधिक होती.

हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम मांडत आहे, कारण आपली खेळाडू कोपऱ्यावर खेळणारी आहे. कोपरारक्षकाचे हत्यार म्हणजे घोटा पकड, आणि घोटा पकड म्हणजे हाताची मूठ. चढाईपटू वळत असताना तिचा पाय जमिनीला टेकलेला असतो, त्याच क्षणी घोटा पकडला गेला की शरीर पुढे जाते आणि गुडघा मागे राहतो. गुडघ्याच्या पुढच्या अस्थिबंधाची दुखापत स्त्री-खेळाडूंमध्ये मुळातच पुरुषांपेक्षा कितीतरी अधिक आढळते. म्हणून आपल्या चढाईपटूची भीती मी खोटी म्हणणार नाही. तिला होणारा धोका नेमका किती टक्क्यांनी वाढेल, हे सांगणारा अभ्यास कबड्डीसाठी माझ्या वाचनात नाही. पण रग्बीतील तर्क कबड्डीला अजिबात लागू नाही, असे म्हणणेही प्रामाणिकपणाचे होणार नाही.

माझा सल्ला असा, की पूर्ण जोराच्या पकडींत तिला घाईने उतरवू नये, आणि तिला सरावापासून दूरही ठेवू नये. चढाईची पावले, बोनसची चाल, बचावातली साखळीची हालचाल या सगळ्यांत कोणाच्याही गुडघ्यावर दुसरीच्या पकडीचा भार येत नाही.

उत्तर 2: माजी रग्बीपटू, मूळची पुण्याची, सध्या इंग्लंडमध्ये

मी पुण्यात शाळेत असताना रग्बी शिकले आणि येथे आल्यावर सात हंगाम एका छोट्या क्लबात खेळले. जुलै 2022 मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेच्या परिषदेने 33 विरुद्ध 26 मतांनी, दोन जण तटस्थ असताना, जन्मतः स्त्री म्हणून नोंद असलेल्यांनाच महिलांच्या संपर्क रग्बीत खेळता येईल असे ठरवले. जागतिक रग्बीचा निर्णय आंतरराष्ट्रीय सामन्यांपुरता होता आणि देशांतर्गत खेळाचे काय करायचे, हे प्रत्येक देशाच्या संघटनेवर सोडलेले होते. इंग्लंडच्या निर्णयाने तो रविवारच्या क्लब सामन्यापर्यंत आला. आयर्लंडने त्याच उन्हाळ्यात तसाच नियम केला.

आमच्या संघात एक पारलिंगी सहखेळाडू होती. ती आमच्यात सर्वांत बलवान नव्हती. आमच्या पहिल्या फळीतील दोघी तिच्यापेक्षा वजनदार होत्या. तरीही मैदानात धावत येणाऱ्या तिला अडवणे वेगळे असते, हे मी स्वतः अनुभवले आहे, आणि त्या वेळी हे मोठ्याने म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. तिला वाईट वाटेल, एवढीच त्यामागची भावना होती. आज मागे वळून पाहताना वाटते, की मी बोलले असते तर निदान तिच्याशीच बोलले असते. आम्ही न बोलल्यामुळे तिच्याविषयीचा निर्णय तिच्या अपरोक्ष, लंडनमध्ये, मतदानाने झाला आणि तिला तो दूरध्वनीवरच्या बातमीत वाचावा लागला.

महिलांच्या संपर्क रग्बीसाठी तो नियम मला पटतो, हे मी स्पष्टच सांगते. महिला गट जन्माला आला तोच मुळी वयात येताना शरीरांत पडणाऱ्या फरकामुळे. तो फरक जेथे समोरच्या खेळाडूच्या मानेवर आणि गुडघ्यावर कोसळतो, तेथे गटाची सीमा त्याच फरकावर आखली जाणे मला रास्त वाटते. परंतु प्रत्येक खेळाने हाच नियम उचलावा, असे मी म्हणणार नाही. एप्रिल 2025 मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने समानता कायद्यातील "स्त्री" या शब्दाचा अर्थ जैविक लिंगाशी जोडला आणि त्यानंतर 1 जूनपासून इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने पारलिंगी स्त्रियांना महिला फुटबॉलमधून वगळले. लाखो हौशी खेळाडूंमध्ये अशा नोंदणीकृत स्त्रिया तेव्हा 30 हूनही कमी होत्या. एवढ्या थोड्या जणींशी आधी बसून बोलणे कोणाला अवघड जायला नको होते.

माझी ती सहखेळाडू आज स्पर्श रग्बी खेळते, ज्यात टॅकल नसते, फक्त हात लावायचा असतो, आणि आमच्या क्लबातील मुलींना ती पासिंग शिकवते. ती सुखी आहे का, याचे उत्तर तिच्या वतीने मी देणार नाही.

उत्तर 3: पारलिंगी स्त्री, कोल्हापूर

मी खेळाडू नाही. शाळेत खो-खो खेळत असे, तेवढेच. पण ज्या स्त्रीबद्दल आपण सर्व जण लिहीत आहात, तिच्याच वाटेने मी आले आहे, म्हणून लिहिते.

प्रथम कायद्याचे. पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या संरक्षणाचा 2019 चा कायदा कलम 13 मध्ये असे सांगतो, की सरकारी निधी किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने पारलिंगी व्यक्तींना खेळाची आणि विरंगुळ्याची संधी इतरांच्या बरोबरीने, भेदभाव न करता दिली पाहिजे. प्रशिक्षिकाताईंचा संघ ही शिक्षणसंस्था नाही हे मला समजते. पण या देशाच्या कायद्याला खेळ ही आमच्यासाठी चैनीची बाब वाटलेली नाही, हे लक्षात असू द्यावे.

आता शरीराच्या तपासणीचे. महिला गटाची सीमा जैविक लिंगावर आखायची म्हटले, की ती तपासणार कोण आणि कशी, हा प्रश्न येतोच. जागतिक अॅथलेटिक्सने 1 सप्टेंबर 2025 पासून महिला गटातील सर्वांसाठी जनुकीय चाचणी सक्तीची केली, आणि मुष्टियुद्धाच्या जागतिक संघटनेनेही त्याच वर्षी तसेच केले. ही कल्पना नवी नाही. 1966 च्या बुडापेस्टमधील युरोपीय स्पर्धेत स्त्री-खेळाडूंना वैद्यकीय मंडळापुढे विवस्त्र उभे केले गेले, आणि 1968 पासून ऑलिम्पिकमध्ये गुणसूत्रांची चाचणी सुरू झाली. 1996 च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये 3387 स्त्रियांची चाचणी झाली, त्यांतील 8 जणींमध्ये पुरुष-जनुक आढळले आणि पुढच्या तपासणीनंतर त्या सर्वांना खेळू दिले गेले. त्या पारलिंगी नव्हत्या. जन्मापासून मुलगी म्हणून वाढलेल्या आणि शरीराची घडण थोडी वेगळी असलेल्या त्या स्त्रिया होत्या. तीन वर्षांनी ऑलिम्पिक समितीने ती सरसकट चाचणी बंद केली.

आपल्या देशात याची किंमत कोणी मोजली, हे आपण सर्व जाणतो. 2006 च्या दोहा आशियाई स्पर्धेत 800 मीटरचे रौप्यपदक मिळवणाऱ्या तमिळनाडूच्या शांती सौंदराजन यांचे पदक चाचणीनंतर काढून घेतले गेले आणि त्यांचे खासगी आयुष्य देशभर चघळले गेले. ओडिशाच्या द्युती चंद यांना 2014 मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून ऐनवेळी वगळले. त्या क्रीडा लवादाकडे गेल्या आणि 2015 मध्ये तो नियम स्थगित करून घेतला. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये अल्जीरियाच्या मुष्टियोद्ध्या इमान खलीफ यांच्यावर जे शब्द फेकले गेले, तेही लक्षात आणावेत. या तिघींपैकी कोणीही पारलिंगी नाही. म्हणून मी म्हणते, की पारलिंगी स्त्रियांसाठी लावलेला दरवाजा प्रत्यक्षात उंच, सावळ्या, भरदार आवाजाच्या, गरीब घरच्या मुलींच्या अंगावर बंद होतो. उद्या तालुक्याच्या स्पर्धेत हरलेल्या संघाचा एखादा पाठीराखा जिंकलेल्या मुलीकडे बोट दाखवील, तेव्हा ताई काय करणार आहेत?

पुणेकर डॉक्टरांनी (आपण भौतिकोपचारतज्ज्ञ आहात, तरी डॉक्टरच म्हणते) पुराव्यातील उणीव स्वतःहून सांगितली, याबद्दल त्यांचे आभार. त्या चढाईपटूचा प्रश्न मलाही रास्त वाटतो. माझ्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्याची अशीच शस्त्रक्रिया झाली आहे, आणि ती पुन्हा जिना न धरता उतरू लागेपर्यंतचे महिने मी पाहिले आहेत. पण "तिच्यासाठी वेगळा खुला गट करा" असा सोपा उपाय येथे कोणी सुचवणार असेल, तर त्यांनी बर्लिन आठवावे. जागतिक जलक्रीडा संघटनेने 2022 मध्ये पारलिंगी स्त्रियांना महिला गटातून जवळजवळ वगळले आणि खुला गट जाहीर केला. 2023 च्या बर्लिनमधील स्पर्धेत त्या गटात एकही प्रवेशिका आली नाही. ज्या गटात उतरणे म्हणजेच सर्वांसमोर आपली ओळख उघडी करणे, त्यात कोण उतरेल? आणि सातारा जिल्ह्यातील एका तालुक्यात असा सात जणींचा संघ कोठून उभा राहणार?

मुलांच्या संघात परत जाणे तिला शक्य नाही. तेथून ती का निघाली असेल, हे मला न विचारताही कळते. तिच्यापुढे महिलांचे मैदान किंवा घरातली खोली, हे दोनच पर्याय आहेत.

उत्तर 4: तालमीतील वस्ताद, सांगली जिल्हा

मला रग्बी समजत नाही आणि जनुकांतले काही कळत नाही. तालमीत चाळीस वर्षे गेली, त्यातले सांगतो. महिला महाराष्ट्र केसरी 2023 साली सुरू झाली, तेव्हापासून आमच्याकडे मुलीही मोठ्या संख्येने येऊ लागल्या आहेत.

आखाड्यात जोड लावणे हे वस्तादाचे काम असते. वजन बघायचे, वय बघायचे, कोणाचा हात जड आहे आणि कोणाचा अजून कोवळा आहे ते बघायचे, मगच दोघांना समोरासमोर सोडायचे. थोराड गडी नवख्याबरोबर खेळतो तेव्हा तो पूर्ण जोर लावत नाही, डाव पुरा करून अंग सोडतो, आणि ज्याला हे जमत नाही त्याला वस्ताद नवख्याच्या अंगावर घालत नाही. चुकीची जोड लावून पोराचा खांदा निखळला, तर दोष पोराचा नसतो, वस्तादाचा असतो.

मैदानातल्या कुस्तीत असे नाही. तेथे कोणी हात राखून लढत नाही आणि राखायला सांगणे हा त्याचा अपमान ठरेल. म्हणून ताईंनी सराव आणि स्पर्धा वेगळी का करावी असे विचारले, त्याला माझे उत्तर एवढेच, की त्या मुळातच वेगळ्या आहेत. सरावात जोड आपल्या हातात असते, स्पर्धेत नसते.

फक्त वजनाने मात्र हा प्रश्न सुटेल असे समजू नये. साठ किलोचा मुलगा आणि साठ किलोची मुलगी यांच्या हातातला फरक कोणत्याही तालमीत दिसतो.

उत्तर 1 लिहिणारे, पुन्हा

वस्तादांचे शेवटचे वाक्य मोजमापांनीही खरे ठरते. अमेरिकेतील युटा विद्यापीठात 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ठोसा मारण्याच्या हालचालीतील पुरुषांचे सरासरी बळ स्त्रियांपेक्षा 162 टक्क्यांनी अधिक भरले होते, आणि त्या गटातील सर्वांत कमी बळाचा पुरुषही सर्वांत बलवान स्त्रीच्या पुढे होता. ती मोजणी उपचार न घेतलेल्या पुरुषांची होती, म्हणून ती आपल्या खेळाडूला जशीच्या तशी लावता येणार नाही.

कोल्हापूरच्या ताईंनी चाचणीबद्दल जे लिहिले, त्याला मी काहीही जोडू शकत नाही. माझ्या व्यवसायातील लोकांनी त्या चाचण्या केल्या होत्या.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. ही सगळी चर्चा मी तिला वाचायला दिली, तिच्याविषयी लिहिलेले तिच्या अपरोक्ष राहू नये म्हणून. इंग्लंडच्या ताईंनी लिहिलेला तो प्रसंग वाचून मला तसे करावेसे वाटले. मग तिला आणि एकोणीस जणींना एकत्र बसवून बोललो. ज्या दोन घरांतून विरोध होता, त्यांपैकी एका मुलीची आई येऊन बसली. दुसऱ्या घरातील मुलगी सध्या सरावाला येत नाही, आणि तिच्या घरी मी पुन्हा जाणार आहे.

ठरले ते असे. चढाईची पावले, बोनस, हात लावून परतणे आणि साखळीची हालचाल यांत ती पहिल्या दिवसापासून सर्वांबरोबर आहे. पकडींच्या सरावात जोड मी लावणार, आणि ज्या मुलीने स्वतःहून होकार दिला आहे तिच्याबरोबरच लावणार. अशा पाच जणी आहेत. नकार देणारीला कारण विचारायचे नाही, हेही सर्वांसमोर ठरले. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या मुलीने नकार दिला आहे, आणि तो ऐकून त्या पारलिंगी खेळाडूनेच मान डोलावली.

स्पर्धेचे मी तिला खरे सांगितले. आज मी तिला महिला गटात उतरवणार नाही. नोंदणीचा निर्णय जिल्हा संघटनेचा आहे, त्यांना लेखी विचारले आहे आणि अजून उत्तर आलेले नाही. पण उत्तर होकारार्थी आले तरी समोरच्या संघातील सात जणींना मी होकार विचारू शकत नाही, आणि तेथे जोड माझ्या हातात नाही. तिला हे ऐकून दुःख झाले, हे मी पाहिले. ती दोन दिवस आली नाही, आणि तिसऱ्या दिवशी आली. कोल्हापूरच्या ताई, हा निर्णय आपल्याला पटणार नाही याची मला कल्पना आहे, आणि आपल्या उत्तरातील बोट दाखवणाऱ्या पाठीराख्याचा विचार मी सोडलेला नाही. माझ्या मुलींपैकी कोणाच्याही शरीराची तपासणी माझ्या मैदानावर होणार नाही, एवढे वचन मी देऊ शकते.

गेल्या आठवड्यात तिने आमच्या कोपरारक्षकांना चढाईपटूचा टेकणारा पाय कसा हेरायचा हे दाखवले. त्यानंतर तोच धडा तिने आमच्या गुडघ्याच्या मुलीला उलट्या बाजूने शिकवला, म्हणजे कोपऱ्याची नजर पायावर आली की पाय कधी उचलायचा.

पुण्याच्या सरांना एक विचारायचे होते. पकडीची ताकद मोजण्याचे यंत्र आमच्या तालुक्यात कोणाकडे नाही. दर तीन महिन्यांनी तिची आणि होकार दिलेल्या पाच जणींची मोजणी झाली, तर जोड लावताना मला नुसत्या अंदाजावर राहावे लागणार नाही. हे तिनेच सुचवले आहे. येत्या शनिवारी घेऊन आले तर चालेल का?

उत्तर 1 लिहिणारे

अवश्य या, सकाळी 11 नंतर. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या चढाईपटूलाही आणा. तिच्या मांडीच्या स्नायूंची दोन्ही पायांतील ताकद सारखी झाली आहे का, ते पाहू या.